गिरणगावातील बाळंतपण

मुंबईच्या १९२१ सालच्या दप्तरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेल्या बालकांचा आकडा ६६६च्या घरात आहे. तो जसाच्या तसा घेता येत नाही. कोकणातून आणि घाटावरून गिरणीकामाला आलेल्या अनेक स्त्रिया बाळंतपणाला गावी जात आणि मूल तान्हे असतानाच परतत. त्यामुळे त्याचा जन्म मुंबईच्या नोंदवहीत चढत नसे, मृत्यू मात्र चढे. ही खोट वजा घातली, तरी उरणारे प्रमाण भयंकरच होते.

सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी याच सुमारास गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा कामावर निघताना तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देण्याची चाल सर्रास आढळली. याला आईची निष्ठुरता म्हणणे सोपे आहे. पण दिवसभर मूल सांभाळायला घरी कोणी नसेल, तर एका खोलीच्या बिऱ्हाडात तिने दुसरे काय करावे, याचे उत्तर तेव्हा फारसे कोणाजवळ नव्हते.

पालिकेच्या परिचारिका चाळींतून फिरून गरोदर स्त्रियांची चौकशी करीत. परळला १९२६ साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि पालिकेचे केईएम रुग्णालय, तर १९२९ साली मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय सुरू झाले. खाटा वाढल्या, पण रजा घेतली की पगार बुडे, आणि ती अडचण कोणत्याही दवाखान्यात सुटणारी नव्हती.

ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले प्रसूतिभत्त्याचे विधेयक नामंजूर झाले. मुंबई विधिमंडळात रा. सी. आसवले यांचे विधेयक १९२८ साली चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना लोककल्याणाची जबाबदारी मुख्यतः सरकारची असल्याचे मान्य केले. मात्र स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकाला होत असल्याने त्यानेही भार उचलावा, अशी भूमिका घेतली. १९२९ साली कायदा झाला: बाळंतपणाआधी तीन आणि नंतर चार आठवडे, रोज आठ आणे, आणि तेही मालकाच्या खिशातून.

ही शेवटची तरतूद मालकांना खुपली. स्त्रियांना रात्रपाळीची मनाई आधीपासून होतीच; पुढच्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांतील त्यांचे प्रमाण घटत गेले, आणि जिची नोकरी गेली, तिला हा भत्ता लागू नव्हता.