एका दिवसाचं अंतर

(दृश्य: सकाळचं कोथरूड, सोसायटीचं गेट, मागे टेकडी)

९ डिसेंबर २०२०. पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटीत सकाळी सकाळी लोकांना गवा दिसला. आपला रानगवा, सह्याद्रीतला, चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा दिसणारा, पूर्ण वाढ झालेला नर हजार किलोपर्यंत भरतो असला अवाढव्य प्राणी, आणि तो उभा होता बंगल्यांच्या आणि पार्क केलेल्या गाड्यांच्या मधे. वाट चुकून आला असणार. पुढचे काही तास काय झालं ते पुण्यातल्या बहुतेकांनी पाहिलंय, कारण ज्याच्या त्याच्या हातात फोन होता. गवा पुढे, माणसं मागे, गल्लीतून रस्त्यावर, रस्त्यावरून परत गल्लीत. तोंडाला लागलं होतं त्याच्या. शेवटी बेशुद्धीचं इंजेक्शन, दोर, जाळी, गाडी, आणि पकडल्यावर थोड्याच वेळात तो गेला. मी त्या दिवशी घरात बसून ते व्हिडिओ एकामागून एक बघत होते आणि ते बघत बसल्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता दुसरा दिवस. १० डिसेंबर २०२०. अमेरिकेत कोलोरॅडोमधे फोर्ट कॉलिन्सजवळच्या एका प्रजनन केंद्रात एक पिल्लू जन्मलं. काळ्या पायांचं फेरेट, म्हणजे मुंगसासारखा लांबुळका, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला छोटासा शिकारी प्राणी. त्या पिल्लाचं नाव ठेवलं एलिझाबेथ ॲन. जिच्या पेशीतून ती बनली ती विला नावाची मादी १९८८ सालीच मेलेली होती. बत्तीस वर्षांपूर्वी मेलेल्या मादीची ती क्लोन, आईच्या जागी पाळीव फेरेट.

या दोन तारखा एकमेकींना लागून आहेत हे मला खूप नंतर लक्षात आलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. एकीकडे बत्तीस वर्षांपूर्वी गेलेला जीव परत आणायला माणसं रात्रीचा दिवस करतायत, आणि दुसरीकडे समोर जिवंत उभा असलेला जीव आपल्याला धड घरी पाठवता आला नाही. हा व्हिडिओ त्याबद्दल आहे.

(दृश्य: राधानगरीचं जंगल, गव्यांचा कळप)

आणि यातली एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीतच नाही. धोक्यात असलेल्या वन्य जातीतला क्लोन करून जन्माला आलेला पहिला प्राणी कोण होता, तर गवा. हो, दाजीपूरला धुक्यात दिसतो तोच, गोव्याचा राज्यप्राणी आहे तोच. पण तो जन्मला सह्याद्रीपासून हजारो किलोमीटर लांब, अमेरिकेत आयोवा राज्यात, आणि जन्म दिला बेसी नावाच्या साध्या पाळीव गाईनं.

झालं असं की सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयानं १९७०च्या दशकापासून प्राण्यांच्या पेशी गोठवून ठेवायला सुरुवात केली होती. द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश, त्यात छोट्या छोट्या कुप्या. फ्रोझन झू म्हणतात त्याला, गोठवलेलं प्राणिसंग्रहालय. सुरू केलं कर्ट बेनिर्शके या डॉक्टरांनी, तेव्हा क्लोन वगैरे काही डोळ्यासमोर नव्हतं, पेशी हातच्या जाऊ नयेत एवढाच विचार. तिथे एका गव्याच्या कातडीच्या पेशी होत्या, तो गवा मरून आठेक वर्षं झालेली.

आता क्लोन म्हणजे नक्की करतात काय ते इथेच सांगते. आपल्या अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीत एक केंद्रक असतं आणि त्या केंद्रकात अख्खा प्राणी कसा घडवायचा त्याची सगळी माहिती असते. कातडीच्या पेशीतही असते, फक्त ती पेशी आता कातडीचंच काम करत असते, बाकीची पानं मिटून ठेवलेली. मग काय करतात, एक अंडपेशी घेतात, तिचं स्वतःचं केंद्रक बारीक सुईनं काढून टाकतात, त्या जागी ही कातडीची पेशी ठेवतात आणि विजेचा हलकासा झटका देतात. दोन्ही एकजीव होतात. आणि अंडपेशीत असं काही असतं की ती त्या जुन्या केंद्रकाला परत पहिल्या पानावर नेते. कधीकधी. हे कधीकधी महत्त्वाचंय. मग भ्रूण वाढला तर तो सरोगेट आईच्या गर्भाशयात ठेवायचा आणि वाट बघायची.

गव्याच्या अंडपेशी कुठून आणणार, म्हणून गाईच्या घेतल्या. ६९२ अंडपेशी वापरल्या. त्यातून थोडे भ्रूण धरले, काही गाई गाभण राहिल्या, बऱ्याचशा मधेच गळाल्या, आणि शेवटी ८ जानेवारी २००१ ला एक वासरू जन्मलं. नाव ठेवलं नोआ. छत्तीस किलोचं, धडधाकट दिसणारं, स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं. आणि दोन दिवसांच्या आत हगवणीनं गेलं. हा क्लोन करणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं की क्लोनिंगचा याच्याशी संबंध नसावा, वासरांना होतो तसला साधाच संसर्ग होता. असेलही. पण ६९२ मधून एक आणि तोही दोन दिवस.

डॉलीचं पण असंच होतं हे आपण विसरतो. डॉली मेंढी, ५ जुलै १९९६, स्कॉटलंडमधली रोझलिन इन्स्टिट्यूट, इयन विल्मट आणि कीथ कॅम्पबेल. शाळेच्या पुस्तकात तिचा फोटो असतो, आकडा नसतो. २७७ वेळा पेशी जोडल्या, २९ भ्रूण मिळाले, १३ मेंढ्यांच्या पोटात ठेवले आणि एकच कोकरू आलं. ती सहा वर्षं जगली, तिला पिल्लं झाली, शेवटी फुप्फुसाच्या आजारामुळे २००३ मधे तिला शांतपणे झोपवलं. आज ती एडिनबरोच्या संग्रहालयात काचेमागे उभी आहे.

(दृश्य: पिरेनीज पर्वतातले कडे, रिकामा उतार)

आता बुकार्दो. ही गोष्ट सांगताना मला दरवेळी त्रास होतो.

स्पेनच्या पिरेनीज डोंगरात एक रानबकरी असायची, जाड वळणदार शिंगांची, बर्फात राहणारी. शिकारीनं आणि इतर कारणांनी ती कमी होत होत शेवटी एक उरली. एक मादी. सेलिया. १९९९ मधे तिला पकडून कानाचा आणि कुशीचा कातडीचा बारीक तुकडा घेतला, गळ्यात रेडिओ कॉलर घातली आणि सोडून दिली. ६ जानेवारी २००० ला ती मेलेली सापडली, अंगावर झाड पडलं होतं. एका जमातीचा शेवट असा, झाड पडून.

पण तिच्या पेशी फ्रीझरमधे होत्या. होजे फोल्च आणि त्यांच्या टीमनं त्या पाळीव शेळीच्या अंडपेशींत घातल्या, भ्रूण डझनावारी माद्यांच्या पोटात ठेवले, आणि ३० जुलै २००३ ला सिझेरियन करून एक पिल्लू बाहेर काढलं. हुबेहूब सेलिया. म्हणजे संपलेली जमात परत आली, माणसाच्या इतिहासात पहिल्यांदा. आणि काही मिनिटांत परत गेली. फुप्फुसाची रचनाच बिघडलेली होती, पिल्लू श्वास घ्यायला धडपडलं आणि संपलं. बुकार्दो ही एकमेव जमात आहे जी दोनदा संपली, असं म्हणतात.

समजा ते पिल्लू जगलं असतं. तर काय? ती मादी होती. सेलियाच्या सगळ्या प्रती माद्याच होणार. नर आणणार कुठून? आणि तिला कड्यावर चढायचं कसं, कुठल्या उतारावर बर्फ आधी वितळतं, हे शिकवणार कोण, शेळी? डीएनएमधे हाड येतं, शिंग येतं, केस येतात. वाट नाही येत. गव्यांच्या कळपात बहुतेकदा एखादी मोठी मादी पुढे असते, पाणी कुठाय, उन्हाळ्यात कुठे जायचं हे तिला माहीत असतं आणि वासरं तिच्या मागून चालता चालता शिकतात. नोआ जगला असता तरी त्याला कळप नव्हता.

आणि हो, क्लोन शंभर टक्के सारखाही नसतो. केंद्रकाबाहेर मायटोकाँड्रिया असतात, पेशीतली ऊर्जा तयार करणारी, त्यांचा स्वतःचा थोडासा डीएनए असतो आणि तो अंडपेशीकडून येतो. म्हणजे नोआ गवा होता पण त्याच्या मायटोकाँड्रिया गाईच्या.

तुम्ही म्हणाल ही बाई क्लोनिंगच्या विरोधातच आहे. नाही. म्हणूनच आता फेरेटकडे परत येते.

(दृश्य: वायोमिंगचं गवताळ माळरान, बिळं)

काळ्या पायांचं फेरेट संपलं असं १९७९ च्या सुमारास सगळ्यांनी धरलं होतं. मग १९८१ मधे वायोमिंगमधल्या मीटीत्सी गावाजवळ एका रँचवरच्या शेप नावाच्या कुत्र्यानं एक मेलेलं फेरेट तोंडात धरून घरी आणलं. त्या एका कुत्र्यामुळे कळलं की अजून आहेत! पण मग त्या टोळीत रोग पसरला आणि १९८७ पर्यंत उरलेली फक्त अठरा पकडून आणली. त्यातल्या सातांचाच वंश पुढे चालला. आज माळावर आणि केंद्रात जेवढी फेरेट आहेत ती जवळपास सगळी या सातांची नातवंडं पतवंडं. सात! सगळे एकमेकांचे भाऊबंद. असं झालं की वंशात दोष साचत जातात आणि नवीन रोगाशी लढायची ताकद कमी होते.

विला, म्हणजे एलिझाबेथ ॲन जिची क्लोन ती मादी, त्या सातांत नव्हती. ती मेली तेव्हा तिचा वंश पुढे नव्हता, पण तिच्या पेशी सॅन डिएगोला गोठवलेल्या होत्या. पुढे तपासल्यावर कळलं की आजच्या फेरेटमधे नाही असं बरंच वैविध्य तिच्या डीएनएमधे आहे. म्हणजे विलाची क्लोन ही आठवा पूर्वज आहे. इथे क्लोनिंगला खरं काम आहे असं मला मनापासून वाटतं. एलिझाबेथ ॲनला गर्भाशयाच्या त्रासामुळे पिल्लं झाली नाहीत, पण २०२३ मधे तिच्या अजून दोन बहिणी जन्मल्या, नोरीन आणि अँटोनिया, आणि २०२४ च्या जूनमधे अँटोनियाला तीन पिल्लं झाली, त्यातली दोन जगली. विलाचा वंश छत्तीस वर्षांनी पुढे सरकला. मी ती बातमी वाचली तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं.

पण तिथेही दुसरी बाजू आहे. फेरेट खातं काय, तर प्रेअरी डॉग, खारीच्या कुळातला बिळात राहणारा प्राणी. रँचवाल्यांनी आणि सरकारनं कित्येक दशकं विष घालून ते मारले, कारण ते गवत खातात. वर पिसवांमुळे प्लेग, जो फेरेट आणि प्रेअरी डॉग दोघांनाही मारतो. हे बघणारी माणसं तिथे माळावर बिळाबिळात पिसवांचं औषध मारत फिरतात, फेरेट पकडून लस टोचतात. क्लोन लॅबमधे होतो, पण त्याला जगवायचं काम या लोकांच्या पायांवर आहे.

म्हणून माझा प्रश्न दरवेळी एकच असतो, या प्राण्याला कमी काय पडलंय? फेरेटला रक्त कमी पडलंय, सात जणांचं रक्त. मग क्लोन करा. गव्याला काय कमी पडलंय? जागा. राधानगरी हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं अभयारण्य, १९५८ मधे दाजीपूरला गव्यांसाठीच सुरू झालं. गवे आहेत, वाढलेतही. पण जंगलातून जंगलात जायच्या वाटा रस्त्यांनी, धरणांनी, प्लॉटिंगनी तुटल्यात, आणि मग गवा उसात येतो. शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक एका रात्रीत तुडवलं जातं, कोल्हापूरच्या वेशीपर्यंत गवे आले, माणसं दगावली. त्या शेतकऱ्याला मी कुठल्या तोंडानं सांगू की गवा वाचव? भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, एवढं तरी. शंभर गवे लॅबमधून आणले तरी ते उभे राहणार त्याच उसात.

आपल्या देशात पण हे घडून गेलंय. छत्तीसगडच्या उदंतीत रानम्हशींची मादी एकच उरली होती, आशा. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत आधीच म्हशींचे क्लोन झाले होते, २००९ मधली गरिमा वगैरे, ते तंत्र आपल्या लोकांनी स्वतः सोपं करून घेतलेलं आणि त्याचा मला अभिमान आहे. तर तिथे आशाच्या पेशीतून डिसेंबर २०१४ मधे दीपाशा जन्मली. २०१८ मधे तिला नवा रायपूरच्या जंगल सफारीत आणलं. आणि मग ती कुंपणातच राहिली. ती रानम्हैस दिसते का पाळीव मुऱ्हा म्हैस, यावरच वाद सुरू झाला. आणि तिकडे इंद्रावतीच्या अलीकडे, आपल्या गडचिरोलीत, कोलामारकाच्या जंगलात खऱ्या रानम्हशी अजून आहेत, मोजक्याच, पाळीव म्हशींशी संकर व्हायच्या धोक्यात. किती जणांनी कोलामारकाचं नाव ऐकलंय?

मला भीती वाटते ती याची. २०२५ मधे एका अमेरिकन कंपनीनं जाहीर केलं की आम्ही हजारो वर्षांपूर्वी संपलेला डायर वुल्फ परत आणला. प्रत्यक्षात ते करड्या लांडग्याच्या जनुकांत वीस बदल करून बनवलेले लांडगे, पण ते असो. लगेच तिथल्या मंत्र्यांनी बोलायला सुरुवात केली की धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत नावं घालण्यापेक्षा यादीतून नावं कमी होण्याचा आनंद साजरा करू. परत आणता येतं असं एकदा डोक्यात बसलं की आत्ता सांभाळायची घाई कुणाला राहील?

(दृश्य: बावधनची टेकडी, संध्याकाळ)

कोथरूडचा गवा गेला त्याला दोन आठवडेही झाले नव्हते, २२ डिसेंबरला बावधनकडे अजून एक गवा दिसला. माझ्या पोटात गोळाच आला. पण यावेळी वनखातं आणि पोलिसांनी आधी माणसं लांब ठेवली, गर्दी होऊच दिली नाही, मागे धावले नाहीत, त्याला त्याचा वेळ दिला, टेकडीकडची बाजू मोकळी ठेवली. आणि तो आला तसा आपल्या पायांनी झाडीत निघून गेला.