रात्रीच्या घोरण्यासाठी दिवसा करायचं काम

नमस्कार मंडळी. सभागृहात आज जोडपी बरीच दिसतायत, याचा मला आनंद आहे. कारण घोरण्याच्या तक्रारीत खरी माहिती शेजारी झोपणाऱ्याकडेच असते. घोरणारा माणूस दवाखान्यात येतो आणि सांगतो, "डॉक्टर, ही उगाच म्हणते, मी काही घोरत नाही." तो खोटं बोलत नसतो. त्याला त्याचा आवाज ऐकूच येत नाही.

म्हणून मी बरोबर आलेल्या माणसाला विचारते. आवाज रोज येतो की कधीमधी? उताणं झोपल्यावरच येतो की कुशीवरही? आणि घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो का? म्हणजे छाती-पोट हलताना दिसतं, पण श्वास आत जात नाही, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास येऊन गाडी पुन्हा सुरू होते, असं होतं का? या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ बायका पटकन बोलत नाहीत. मग हळूच सांगतात, "हो, तेव्हा मी ढोसते त्यांना. श्वास परत आला की मग मला झोप लागते." वर्षानुवर्षं ही बाई अर्ध्या झोपेत नवऱ्याच्या श्वासावर लक्ष ठेवून असते आणि सकाळी उठून डबा करते. तिच्या झोपेचा विचार कुणीच केलेला नसतो.

आता आवाज येतो कुठून ते पाहू. बसल्या जागी करून बघा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकवा आणि टाळूवरून मागे मागे न्या. पुढे टाळू कडक लागतो, खाली हाड आहे. मागे गेलात की एकदम मऊ लागतो. तिथे हाड नाही, नुसते स्नायू आणि त्यावरची त्वचा. त्याच्या टोकाला पडजीभ लोंबते. आता जीभ बाहेर काढा, दातांत हलकी धरा आणि मुद्दाम घोरल्यासारखा श्वास आत ओढा. हां, आला ना आवाज? आत्ता जे थरथरलं तो हा मऊ टाळू.

जागेपणी हे स्नायू टाळूला, जिभेला आणि घशाच्या भिंतींना ताणून धरतात. झोप लागली की हातपाय सैल पडतात तसे हेही सैल पडतात. हवा तेवढीच, वाट मात्र अरुंद. मग हवेचा वेग वाढतो आणि दारातला पडदा वाऱ्याने फडफडावा तसे हे सैल भाग फडफडतात. उताणं झोपलात की जीभ आपल्या वजनाने मागे घसरते, वाट आणखी लहान होते. आणि वाट पूर्ण मिटली की श्वास थांबतो.

असा श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की आम्ही तो मोजतो. झोपेच्या दर तासाला असे अडथळे ५ पेक्षा कमी असतील तर ते निव्वळ घोरणं. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर गंभीर स्लीप ॲप्निया. हे दुर्मीळ नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली ती प्रसिद्ध केली. त्यात १९.५ टक्के पुरुषांना झोपेत श्वासाचे असे अडथळे होते, आणि ७.५ टक्क्यांना त्याच्या जोडीला दिवसा झोपेची गुंगीही होती. हे सगळे आपल्यासारखे, रोज कामावर जाणारे लोक.

तेव्हा नैसर्गिक उपायांकडे वळण्याआधी एक गोष्ट मी ठासून सांगते. श्वास अडकत असेल, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागत असेल, सकाळी डोकं जड असेल, किंवा तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब उतरत नसेल, तर आधी झोपेची तपासणी करून घ्या. गाडी चालवणाऱ्याने तर ती टाळूच नये. ॲप्निया गंभीर निघाला तर सी-पॅप यंत्र लागतं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते पहिल्यांदा लोकांसमोर आणलं. नाकावाटे थोड्या दाबाने हवा सोडून ते वाट उघडी ठेवतं. त्याची जागा व्यायाम घेऊ शकत नाही, जोडीला नक्की करता येतो.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते. घोरणं कमी करायचे मार्ग दोन. वाट मोकळी करायची, किंवा वाटेच्या भिंती बळकट करायच्या. वजन, कूस, नाक हे पहिल्या प्रकारात येतात आणि ते थोडेफार सगळ्यांना माहीत असतात. दुसऱ्या मार्गाबद्दल मात्र आमच्याकडेही रुग्णाला कुणी नीट सांगत नाही. गुडघा दुखला की मांडीच्या स्नायूंचा व्यायाम लगेच लिहून देतात. घशातही स्नायूच आहेत, मग त्यांना व्यायाम का नको?

डिजेरिडू नावाचं एक वाद्य आहे, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं. लांबलचक लाकडी नळी, तीही वाळवीने आतून पोखरलेल्या खोडाची. ती वाजवताना गाल, जीभ, टाळू सतत कामाला लागतात, कारण नाकाने श्वास घेता घेता तोंडाने फुंकत राहावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये हे वाद्य शिकवणाऱ्या एका शिक्षकाच्या लक्षात आलं की सरावाने आपलं घोरणं कमी झालंय. झुरिकच्या संशोधकांनी ते मनावर घेतलं. मध्यम ॲप्निया असलेले २५ जण निवडले आणि त्यांतल्या निम्म्यांना चार महिने वाद्य शिकवलं. आठवड्यातून किमान पाच दिवस, रोज किमान २० मिनिटं. त्यांचे श्वासाचे अडथळे कमी झाले, दिवसाची झोप कमी झाली, आणि शेजारी झोपणाऱ्यांनीही सांगितलं की आता झोपमोड कमी होते. हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं आहे.

आपल्याकडे डिजेरिडू कुठून आणायचं? पण शंख आहे. जयपूरच्या डॉक्टरांनी शंखावर असाच अभ्यास केला आणि तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम ॲप्नियाचे ३० रुग्ण होते. काहींनी सहा महिने शंख फुंकला, आठवड्यातून पाच दिवस, किमान १५ मिनिटं. बाकीच्यांनी नुसते दीर्घ श्वास घेतले. शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची गुंगी दुसऱ्या गटापेक्षा ३४ टक्क्यांनी कमी झाली आणि रात्री तासाला सरासरी चार-पाच अडथळे कमी झाले. ३० रुग्णांवर जगभराचा नियम ठरत नाही, हे मान्य. पण झुरिक आणि जयपूर एकमेकांपासून इतके लांब, आणि दोन्हीकडे उत्तर एकाच दिशेला जातंय. मला ते महत्त्वाचं वाटतं.

इंग्लंडमध्ये एक्झेटरला गाण्याच्या व्यायामांवर चाचणी झाली. रोज २० मिनिटं, तीन महिने. तिथेही घोरणं कमी झालं. तुमच्यापैकी कुणी भजनी मंडळात असाल तर खूश व्हाल, पण थांबा. ते टाळू आणि घसा ताणणारे बेतून दिलेले व्यायाम होते. अंगाला न लावता म्हटलेल्या चार ओळींनी ते काम व्हायचं नाही.

वाद्य नको, गाणं नको, असं म्हणणाऱ्यांसाठी ब्राझीलमधल्या साओ पाउलोचे व्यायाम आहेत. मी माझ्या रुग्णांना तेच शिकवते. २०१५ साली त्यांचा निष्कर्ष आला. नुसतं घोरणारे किंवा सौम्य-मध्यम ॲप्निया असलेले ३९ जण तीन महिन्यांच्या चाचणीत होते. व्यायाम करणाऱ्यांचं घोरणं संख्येने ३६ टक्के आणि आवाजाच्या एकूण जोराने ५९ टक्के कमी झालं. यंत्राने मोजून, बरं का.

चला, आत्ताच करू. मघाशी जीभ नुसती फिरवली, आता दाबायची. टोक टाळूवर जोर देऊन टेकवा आणि तसंच घासत मागे न्या. असं २० वेळा. मग आख्खी जीभ टाळूला चिकटवा, चोखून धरल्यासारखी, अशी की सोडली की टक्क आवाज येतो. तेही २० वेळा. आता टोक खालच्या पुढच्या दातांना लावून ठेवा आणि जिभेचा मागचा भाग खाली दाबा. हा सगळ्यांना अवघड जातो. आरसा समोर घ्या, मागचा घसा दिसायला लागला की जमलं. चौथा, तोंड उघडून तुटक 'आ' म्हणायचं: आ, आ, आ. आरशात पडजीभ प्रत्येक 'आ'ला वर उडी मारताना दिसली पाहिजे. नुसता आवाज आला आणि पडजीभ हलली नाही तर व्यायाम झालेला नाही. शेवटी बोट गालाच्या आत घालून गाल बाहेर ढकला आणि गालाने बोटाला आत दाबा, दोन्ही बाजूंना दहादहा वेळा. जेवताना घास दोन्ही बाजूंनी चावा, गिळताना जीभ टाळूला लावा.

याला साधारण आठ मिनिटं लागतात आणि दिवसातून तीनदा करायचं असतं. दोन आठवड्यांनी जीभ दुखते, लोक कंटाळतात आणि सोडतात. मी म्हणते, दात घासण्याला जोडून घ्या. फरक पडायला दोन-तीन महिने द्या.

बाकीचे उपाय भरभर सांगते. वजन सगळ्यांत मोठं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत दहा टक्के वजन उतरलेल्यांचे अडथळे सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाले, आणि वाढलेल्यांचे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले. म्हणजे ८० किलोच्या माणसाने आठ किलो उतरवावे, 'आदर्श' वजनाची वाट बघू नये. चरबी मानेत आणि जिभेतही साठते, त्यामुळे पोट न सुटलेला माणूसही घोरू शकतो. कुशीवर झोपा. उताणं व्हायची सवय जात नसेल तर जुन्या बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घाला, किंवा पाठीमागे लोड लावा. उंच उशी नको, तिने मान वाकून वाट अजून आवळते. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलली तर चालते. दारू झोपण्याआधी तीन-चार तास बंद, कारण ती हेच स्नायू जास्त सैल करते. झोपेच्या गोळ्यांचंही काहीसं तेच, त्या मनाने घेऊ नका. तंबाखूच्या धुराने घसा सुजतो. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवं झाल्यास आंबट पाणी वर येऊन घशाला सूज येते.

नाकाबद्दल जरा थांबते, कारण आपल्या हवेत ॲलर्जी फार. नाक चोंदलं की तोंडाने श्वास, आणि तोंड उघडलं की जबडा व जीभ मागे. जलनेतीचा उपयोग होतो, पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या. नळाच्या, विहिरीच्या पाण्यातला अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचल्याच्या घटना घडलेल्या आहेत. अर्धा लिटर पाण्याला पाऊण चहाचा चमचा मीठ. नाक मोकळं करणारे झायलोमेटॅझोलिनसारखे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त वापरलेत की नाक आणखी चोंदतं आणि त्यांची सवय लागते. आणि फोनवर फिरणारे दोन सल्ले कृपया पाळू नका. रोज रात्री नाकात तेल घालून आडवं होऊ नका, ते फुफ्फुसात उतरू शकतं. आणि तोंडाला चिकटपट्टी लावू नका. नाक बंद असलेल्या माणसाचं तोंडही बंद करणं धोक्याचं आहे.

आता बायकांबद्दल. घोरणं हा पुरुषांचा प्रकार, असं धरून चालतात. म्हणून घोरणारी बाई लाजेने कुणाला सांगत नाही, आणि घरचे तिची थट्टा करतात. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये घोरणं आणि ॲप्निया दोन्ही वाढतात. थायरॉइड कमी असेल तर आणखी. त्यांची लक्षणंही वेगळी: मोठ्या घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी, रात्री झोप न लागणं. मग ते घरकामाच्या नाहीतर वयाच्या नावावर खपवलं जातं. गरोदरपणात नव्याने सुरू झालेलं घोरणंही डॉक्टरांना सांगा, त्याचा रक्तदाबाशी संबंध असतो. आणि लहान मूल तोंड उघडं टाकून रोज घोरत असेल तर 'कसं गाढ झोपलंय' म्हणून सोडू नका. अडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, किंवा टॉन्सिल वाढलेले असू शकतात, आणि त्याला वर सांगितलेले व्यायाम हे उत्तर नाही.

प्रश्न आहेत? हां, काकू, तुम्ही विचारताय शंख कुणी फुंकू नये. हर्निया असेल, काचबिंदू असेल, नुकतंच डोळ्याचं, कानाचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, रक्तदाब ताब्यात नसेल, तर फुंकू नका. जोर लावल्यावर आतला दाब वाढतो. त्यांनी जिभेचे व्यायाम करावेत.

मागून कुणी तरी विचारलं, व्यायाम बंद केले तर? तर काही महिन्यांत स्नायू पुन्हा सैल पडतात आणि आवाज परत येतो. म्हणून सुरू करण्याआधी फोनवर एका रात्रीचं घोरणं ध्वनिमुद्रित करून ठेवा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा, तेवढीच उशी, तीच कूस, तीच खोली. दोन्ही घेऊन या. आणि येताना शेजारी झोपणाऱ्यालाही आणा.