माळ्यावरचा खोका आणि घरातली हकीकत

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते अमेरिकेत घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेसबॉलच्या जुन्या वस्तूंबद्दल आणि त्यांच्यामागच्या हकीकतींबद्दल.

१८७१ साली अमेरिकेत बेसबॉलची पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली. बॉस्टन रेड स्टॉकिंग्ज हा संघ तिच्यात पहिल्या वर्षापासून होता. त्यातली काही खेळाडू मंडळी बॉस्टनमध्ये एका बाईंकडे राहायला-जेवायला असत. या बाई बोर्डिंग चालवायच्या. खेळाडूंनी त्यांना एक पत्र लिहिलं. एकाच पत्रात अनेकांनी आपापला मजकूर घातला आणि बाईंच्या हातच्या जेवणाची वाखाणणी केली. लिहिणाऱ्यांत हॅरी आणि जॉर्ज हे राइट बंधू होते, आणि अल्बर्ट स्पाल्डिंगही होते. खेळाच्या सामानावरचं ‘स्पाल्डिंग’ हे नाव तुम्ही वाचलं असेल, तेच हे. पुढे तिघांनाही बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या संग्रहालयात, मानाचं स्थान मिळालं.

पत्र बाईंच्या घरात राहिलं. २०१४ मध्ये त्यांची खापरपणती ते पत्र आणि त्याच संघातल्या खेळाडूंची चित्रं असलेली जुनी कार्डं घेऊन ‘अँटिक्स रोडशो’ या दूरदर्शन कार्यक्रमाच्या पारखी मंडळींकडे आली. विम्यासाठी त्या संग्रहाची किंमत ठरली १० लाख डॉलर. त्याआधी कुणीतरी तिला ५ हजार डॉलर देऊ केले होते!

इतका फरक कशानं पडला? सह्या मोलाच्या होत्याच. पण मला त्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते कुणाला लिहिलं, का लिहिलं आणि मग कुणाकुणाच्या हातातून आलं, हे सगळं एकाच घराण्याला सांगता येतं. सातबाऱ्यावर फेरफाराच्या नोंदी लागोपाठ असाव्यात, तशी ही मालिका कुठेही तुटत नाही.

आता, जुनी बेसबॉल कार्डं इतकी दुर्मिळ का, तेही सांगायला हवं. शंभर वर्षांपूर्वी ती सिगारेटच्या पाकिटात नाहीतर गोळ्या-चॉकलेटांबरोबर फुकट मिळायची. पोरं ती खिशात कोंबायची, सायकलच्या चाकात अडकवायची. दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यात पुष्कळ गेली. मुलगा कॉलेजला किंवा फौजेत गेला, की आई खोली आवरायची आणि कार्डांचा डबा कचऱ्यात जायचा. छापणाऱ्यांनाही त्यांची किंमत नव्हती. कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीच्या साय बर्गर यांनी १९५२ ची न खपलेली कार्डं १९६० च्या सुमारास मालवाहू तराफ्यावर (बार्जवर) लादून अटलांटिक महासागरात बुडवली, हे पुढे त्यांनीच सांगितलं. त्याच १९५२ च्या मालिकेतलं मिकी मँटल या नामवंत खेळाडूचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

म्हणून ओहायो राज्यातल्या डिफायन्स या गावची गोष्ट अमेरिकेत इतकी गाजली. २०१२ साली तिथे एका कुटुंबानं आजोबांच्या जुन्या घराचा माळा उपसायला घेतला. आजोबांचं मटणाचं दुकान होतं आणि त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. घरात त्यांची मुलगी राहायची, तीही आदल्या वर्षी वारली. माळ्यावर बाहुलीच्या लाकडी घराखाली काजळी बसलेला एक पुठ्ठ्याचा खोका होता. आत सुतळीनं बांधलेले गठ्ठे होते, १९१० च्या सुमारासची जवळपास ७०० कार्डं. टाय कॉब, साय यंग, होनस वॅग्नर असे त्या काळचे मोठे खेळाडू, आणि कार्डांचे कोपरे अजून टोकदार! त्यातली निवडक ३७ कार्डं बाल्टिमोरच्या लिलावात ५ लाख ६६ हजार डॉलरला विकली गेली. त्या मुलीनं मृत्युपत्रात सगळं आपल्या २० भाचरांच्या नावे केलं होतं, आणि त्यांनी कार्डं समान वाटून घेतली. एवढ्या रकमेवरून भावंडांची तोंडं एकमेकांपासून फिरतात, हे आपणही पाहतो. म्हणून मला त्या २० जणांचं मनापासून कौतुक वाटतं.

पण घरातली हकीकत सांगितली म्हणजे ती सिद्ध झाली, असं होत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावानं खोट्या सह्यांच्या टोळ्यांचा माग काढला. जप्त मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा होते. त्यामुळे ‘हा चेंडू बेब रूथसारख्या महान खेळाडूनं आजोबांच्या हातात दिला’ एवढ्यावर लिलाववाले थांबत नाहीत. सोबत काय आहे, असं विचारतात. त्या दिवसाचं तिकीट, फोटो, तारखेचं पत्र, आजोबा तेव्हा त्या गावात होते याचा कागद.

पुराव्याचं बळ पाहायचं तर बेब रूथ यांची १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमधली, म्हणजे वर्षाच्या अंतिम विजेतेपदाच्या मालिकेतली जर्सी घ्या. रूथनी ती फ्लोरिडातल्या एका गोल्फ खेळणाऱ्या मित्राला दिली, आणि ती अनेक वर्षं त्या मित्राच्या घरात राहिली. २००५ मध्ये तिला ९ लाख ४० हजार डॉलर आले. नंतर तज्ज्ञांनी शिवण आणि अक्षरांची जागा त्या मालिकेतल्या जुन्या फोटोंशी जुळवली. २०२४ मध्ये तीच जर्सी २ कोटी ४१ लाख डॉलरला गेली.

तुमच्यापैकी काहींची मुलं अमेरिकेत आहेत, काहींचे जावई आणि सुना तिकडच्याच आहेत. त्यांच्या घरी असं काही निघालं, तर आधी पुसायला घेऊ नका. चेंडूवरची शाई ओल्या फडक्यानं जाते, कार्डाला लॅमिनेशन केलं की ते वाया जातं, आणि उन्हात सही फिकी पडते. घरातली म्हातारी माणसं असतील तर त्यांना बोलतं करा. वस्तू कुणी, कधी, कुठे दिली, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि खाली तारखेसह त्यांची सही घ्या. विकायचंच ठरलं तर कर सल्लागाराला विचारा, कारण वारसानं आलेल्या वस्तूची मूळ किंमत तिकडे साधारणपणे मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावानं धरतात. कूपरस्टाउन गावातलं बेसबॉलचं ते हॉल ऑफ फेम मात्र वस्तू विकत घेत नाही, तिथे सगळं दान म्हणूनच जातं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ पर्यंत मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलचे, दरवाजे बंद होते. त्यांच्या वेगळ्या स्पर्धांच्या, म्हणजे निग्रो लीग्जच्या सामन्यांच्या नोंदी तुटक राहिल्या. त्यातून जेवढी आकडेवारी जुळवता आली, ती मेजर लीगनं मे २०२४ मध्ये आपल्या अधिकृत नोंदींत घेतली. तेव्हा त्या लीग्जमधल्या जॉश गिब्सन यांची .३७२ ही बॅटिंग सरासरी (म्हणजे फलंदाजीच्या दर हजार संधींमागे ३७२ यशस्वी फटके) टाय कॉबच्याही वर, सर्वकालीन यादीत पहिली आली. अशा एखाद्या खेळाडूच्या नातवंडांकडे चिकटवही असेल, कात्रणं असतील, संघाचा फोटो असेल आणि मागे नावं लिहिलेली असतील, तर तिथे लिलावाचा भाव दुय्यम आहे. विकायचा विचार करण्याआधी त्यांनी ती वही पानन् पान स्कॅन करावी आणि कॅन्सस सिटीतल्या निग्रो लीग्ज बेसबॉल संग्रहालयाला दाखवावी, असं मला अगदी कळकळीनं वाटतं.