इकडं कुणीकडं?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या मराठवाड्यात बाईमाणूस एकटं एसटी स्टँडवर दिसलं, की कुणीतरी ओळखीचं विचारतंच, "बाई, इकडं कुणीकडं?" विचारण्यात वावगं काही नसतं, आपुलकीच असते. उत्तर मात्र तयार ठेवावं लागतं. माहेरी निघाले, भाचीचं बाळंतपण आहे, दवाखाना आहे, तुळजापूरला जायचंय, कुणाच्या तरी मातीला चाललेय. यातलं काहीही चालतं. पण "काही काम नाही, सहज बघायला निघाले" असं म्हणून बघा. समोरच्याचा चेहराच बदलतो. घरात काही वाजलं की काय, असं त्याच्या मनात येतं.

मला लहानपणापासून फिरायची खोड आहे. आज तुमच्याशी बोलायचंय ते त्या खोडीबद्दल, आणि ती भागवायला जन्मभर जमवलेल्या कारणांबद्दल.

ही खोड आजीकडून आली. लातूरकडचं माझं आजोळ. आजी माळकरी, पंढरपूरला जायची आणि मला बरोबर न्यायची. विठ्ठलाची ओढ तिला होतीच, त्यात शंका नाही. पण माझा अंदाज असा, की गाडीची ओढही तिला तेवढीच होती. गाडी म्हणजे आपली बार्शी लाईट. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. १८९७ साली ती कुर्डूवाडी ते बार्शी सुरू झाली, १९११ मध्ये लातूरला पोचली, आणि दुसरीकडून पंढरपूरवरून १९२७ मध्ये मिरजेला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती बांधली. या साहेबानं पुढं विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूटही तयार केलं. आमच्या गाडीतून उतरायला पॅराशूट सोडा, चप्पलसुद्धा सावरावी लागायची नाही, अशी तिची चाल.

आजी खिडकीची जागा कुणाला द्यायची नाही. नातवाला नाही, पाहुण्याला नाही, साक्षात टीसीलाही नाही. मुरुड, ढोकी, येडशी, एकेक स्टेशन गेलं की मोठ्यांदा नाव घ्यायची, आपणच झेंडी दाखवल्यासारखं. इंजिनाचा कोळसा उडून डोळ्यात कण गेला, की पदराच्या टोकाचा बोळा करायची, त्यावर तोंडानं ऊब द्यायची आणि माझ्या डोळ्यावर दाबून धरायची. तिची स्वतःची नजर तेवढ्या वेळातसुद्धा बाहेर. येडशीच्या रानात गाडी वळणाला लागली, की फडक्यातले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर निघायची. त्याआधी नाही. घरी केलेलं खायचं, पण गाडीत बसून आणि रान बघत, हा तिचा नेम होता, एकादशीइतकाच कडक.

ही गाडी पुढं मिरजेपर्यंत जाते हे तिला ठाऊक होतं. पंढरपूरच्या फलाटावर उतरल्यावर ती दर वेळी थांबायची, गाडी पुढं निघून जाईपर्यंत बघायची आणि विचारायची, "मिरजेला काय असतंय गं?" ती मिरजेला कधीच गेली नाही. मिरजेत तिच्या ओळखीचा देव नव्हता आणि सोयराही नव्हता. मग जायचं कोणत्या तोंडानं?

पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले. बीड जिल्ह्यात, धारूरच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरात. नोकरीनं मला कारणं पुरवली, त्याबद्दल सरकारचे आभार मानायला हवेत. प्रशिक्षण निघालं की माझं नाव पहिलं. निवडणुकीची ड्युटी लागली, की स्टाफरूममध्ये रडारड सुरू व्हायची. कुणाचा बीपी वाढायचा, कुणाच्या सासूची तब्येत नेमकी त्याच आठवड्यात बिघडायची. मी गुपचूप पिशवी भरायला घ्यायचे. मतपेट्या घेऊन ट्रकमधून एखाद्या आडबाजूच्या वाडीवर जायचं, शाळेच्या खोलीत सतरंजीवर झोपायचं, सकाळी कुणाच्या तरी घरून चहा यायचा. आमच्या घरच्यांना प्रवास म्हणजे शिक्षा. ते म्हणायचे, "हिला ड्युटी लागली की घरात दिवाळी."

पण याच शाळेत माझ्या हौसेला एक टोचणी लागली, ती अजून गेली नाही.

दसरा झाला की आमच्याकडं गावं रिकामी होतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायला ऊस तोडायला जावंच लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशोब तसाच चालतो. ट्रकमध्ये पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, सरपण, कोंबड्या, शेळी, आणि या सगळ्यावर बसलेली माझ्या वर्गातली पोरं. हात हलवायची मला. हजेरीपटावर निम्म्याच्या वर गैरहजर. काही पोरं आजी-आजोबांजवळ राहायची, काही पुढं हंगामी वसतिगृहात राहू लागली, काही तिकडं कारखान्यावरच्या साखरशाळेत बसायची. बाकीची फडातच. पाडव्याच्या आसपास परत यायची, रापलेली, थोडी वाढलेली.

एकदा चौथीच्या वर्गात महाराष्ट्राचा नकाशा लावला होता. मी नद्या दाखवत होते. गोदावरी, मांजरा, भीमा, कृष्णा. पंचगंगेवर छडी ठेवली, तशी मागच्या रांगेतली एक पोरगी उठली. "बाई, मी बघितलीया. तिथंच आमची कोपी होती. पाणी लई गार असतंय सकाळी." कोपी म्हणजे ऊसतोड्यांची झोपडी. मग तिनं सांगायला सुरुवात केली. शिरोळ कुठं, जयसिंगपूर कुठं, पूल कुठं, कर्नाटकातल्या कारखान्याकडं जाताना बोर्डावरची अक्षरं कुठून बदलतात. मी पंचगंगा तोवर फक्त छडीनं पाहिली होती. माझ्याहून ती पोरगी कितीतरी फिरलेली होती, आणि त्यातला एकही रस्ता तिनं मागितलेला नव्हता. "इकडं कुणीकडं?" या प्रश्नाला तिच्याकडं पक्कं उत्तर होतं. असलं उत्तर कुणालाच नको. प्रवासाविषयी कुणी फार गोड बोलायला लागलं, की मला तो ट्रक आठवतो आणि मी विषय बदलते. आजही बदलते.

तेरविषयी सांगते. धाराशिवजवळचं हे तेर आपल्याला माहीत असतं ते गोरोबाकाकांचं. सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं मडकं कोणतं, पक्कं कोणतं, हे सांगितलं, ते गोरोबाकाका. मीही गेले ती त्यांच्या दर्शनाला, म्हणजे घरी तसं सांगून. पण तेरचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक वर्णनात, 'पेरिप्लस' म्हणतात त्याला, लिहून ठेवलंय की भडोच बंदरातून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणचे गोमेदासारखे खडे आणि तेरचं सुती कापड गाड्यांत भरून आडवाटांनी भडोचला जायचं आणि तिथून जहाजात. म्हणजे आपला मुलूख कोपऱ्यात पडलेला, मागासलेला, असं जे आपण स्वतःच म्हणत असतो, त्या मुलखातून गाडीवान महिना-महिना वाट तुडवत समुद्रापर्यंत जात होते. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय तेरला आहे. मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, रोमन धाटणीची भांडी, आणि हस्तिदंतात कोरलेली स्त्रीची छोटीशी मूर्ती. मी खूप वेळ त्या मण्यांच्या कपाटापुढं उभी होते. काही मण्यांची भोकं इतकी बारीक, की आपल्याला त्यात दोरा ओवायला चष्मा लागेल. कुणी पाडली असतील ती, कोणत्या गिरमिटानं? गावातली एक बाई दर्शनाहून येताना आत डोकावली आणि मला म्हणाली, "दर्शन झालं न्हवं? मग इथं काय करायलात?" तिच्या प्रश्नाला माझ्याकडं नीट उत्तर नव्हतं. मी नुसती हसले.

निवृत्तीनंतर घुमानला गेले. हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे नामदेव महाराजांचं गाव मानतात. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमान आहे, तिथं त्यांचा दीर्घकाळ मुक्काम होता. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ साली घुमानला ८८ वं मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हाच मी ठरवलं होतं. नांदेडहून निघणारी सचखंड एक्सप्रेस अमृतसरला जाते, २,००० किलोमीटरच्या वर. वाटेत काही स्टेशनांवर लंगरचं जेवण डब्यापाशी येतं. अनुभवी लोक आधीच भांडी काढून तयार. माझ्याकडं पेल्याशिवाय काही नव्हतं, तर शेजारच्या सरदारजींनी आपल्या डब्याचं झाकण मला दिलं आणि वर दटावलं, "पुढच्या वेळी डबा आणायचा."

घुमानच्या गुरुद्वारात एका म्हातारीनं विचारलं, कुठून आलात. नांदेडकडून म्हटल्यावर तिनं "हुजूर साहिब!" असं नांदेडच्या गुरुद्वाराचं नाव घेऊन माझेच हात कपाळाला लावले. मग ठामपणे सांगितलं, की नामदेव आमचे. मी म्हटलं, जन्म आमच्याकडचा. तिनं ते मानलं, पण नाइलाजानं. आणि एक सांगू? तिनं मला 'कशासाठी आलीस' असं विचारलंच नाही. नामदेवांनी सातशे वर्षांपूर्वी पायी काढलेली वाट, तिच्यावरून गाडीत बसून कुणी येत असेल, तर त्यात विचारण्यासारखं काय आहे, असंच तिला वाटलं असावं.

आता आपल्याकडं १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. काही लोक नाकं मुरडतात. "बायका उगाच हिंडायला लागल्या," हे वाक्य मी कंडक्टरच्या तोंडून ऐकलंय, सरपंचांच्या तोंडून ऐकलंय, आणि एका बाईच्या तोंडूनही ऐकलंय, तीही अर्ध्या तिकिटावरच बसली होती. मला विचाराल तर उगाच हिंडणं हीच या सवलतीची खरी कमाई. परवा केजच्या स्टँडवर तीन म्हाताऱ्या भेटल्या. अंबाजोगाईला निघालेल्या. योगेश्वरीचं दर्शन का, विचारलं. तर एक म्हणाली, "देवीला तर जाणारच. पण आधी ते हत्तीखाना लेणं बघायचंय. जलम गेला जवळ राहून, बघितलंच न्हाई." मीही त्यांच्याच गाडीत चढले. माझं त्या दिवशी केजला काम होतं, ते दुसऱ्या दिवशी केलं.

पाऊस बरा झाला, तर यंदा किनवटच्या बाजूला पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा बघायला जायचंय. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल, तर डबा घरून घ्या, खिडकीची जागा सोडू नका, आणि सुटे पैसे जवळ ठेवा. अर्ध्या तिकिटात नेमके सुट्याचेच वांधे होतात.

नमस्कार.