सॅटेलाइट फोटोतला लाल रंग म्हणजे पाऊस नाही!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय, "दादा, फोटोत नाशिकवर लाल दिसतंय, पूर येणार का?" म्हणून आज फक्त त्याच्यावरच बोलतो.

बेसिक पटकन उरकू. इन्सॅट-३डीआर आणि २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस, हे आपले दोन्ही हवामान उपग्रह साधारण ३६,००० किलोमीटरवरून सतत आपल्याकडे बघत असतात. अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार होताना काही दिवस आधी कळतं, त्यात यांचा मोठा वाटा.

आता मुद्द्याचं. तो लाल रंग पावसाचा नाही, ढगाच्या माथ्याच्या तापमानाचा आहे. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि रंग तितका भडक. खाली थेंब पडतोय का, ते त्यात थेट दिसतच नाही. मार्चमध्ये निफाडकडे गडगडाटी ढग उठला की त्याचा वरचा पसारा वाऱ्यावर लांबपर्यंत जातो, फोटोत मोठा पट्टा लाल, आणि त्याच्या कडेखालची द्राक्षबाग कोरडीच.

उलटं झालं तर जास्त धोका. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे घाटाला अडलेले ढग बऱ्याचदा बुटके असतात, माथा फार थंड नसतो, म्हणून फोटोत फिकट दिसतात पण खाली धो धो कोसळत असतं, आणि त्र्यंबककडचं ते पाणी गंगापूर धरणात येतं, आणि तिथून सोडलं की नाशिकच्या गोदावरीत. म्हणजे फोटो फिकट, पंचवटीत नुसती भुरभुर, आणि नदी चढतेय.

माझ्या मामाचं गोदाकाठी पूजेच्या सामानाचं दुकान आहे. एका ऑगस्टमध्ये तो फोन दाखवून म्हणाला, "अरे रंगच नाहीये, कशाला माल हलवायचा?" शेजारचे म्हातारे दुतोंड्या मारुतीकडे बघत होते, म्हणजे गोदापात्रातली ती मूर्ती, जिच्यावरून पुराचं पाणी किती चढलं ते लोक मोजतात. पाणी मूर्तीच्या गुडघ्याला, मग कमरेला. संध्याकाळी दुकानात शिरलं. कुंकवाच्या गोण्यांचा लगदा मी स्वतः घमेल्यानं उपसलाय, दोन दिवस हात लाल होते. म्हणून सांगतो, रंग म्हणजे पाऊस नाही!

कमेंटमध्ये एक जण म्हणतो, "मग रडार बघू ना." बघा की, डॉपलर रडारला थेंब दिसतात, पण ते जमिनीवर असतं, तो उपग्रह नाही. ढगाच्या पोटातला पाऊस हेरणारे मायक्रोवेव्हवाले उपग्रह आहेत, पण ते खालच्या कक्षेत फिरतात, डोक्यावरून जातात आणि पुढे निघून जातात.

आणि निसार, म्हणजे इस्रो आणि नासाचा रडारवाला उपग्रह! ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून गेला तेव्हापासून विचारताय, आता पूर आधीच कळणार का. निसारला ढगातून, रात्रीसुद्धा जमीन दिसते, डोंगरउतार थोडाथोडा सरकतोय का हे तो टिपू शकतो. माळीण, इर्शाळवाडी आठवली की वाटतं, हे आपल्याला किती हवंय. पण त्याच मार्गावरून तो १२ दिवसांनी परत येतो, आणि गोदावरी काही तासांत चढते. त्यामुळे गोदाकाठी असाल तर आधी गंगापूरचा विसर्ग किती क्युसेक ते बघा, हवामान खात्याचा अलर्ट बघा, फोटो नंतर.

आणि हो, फोटोवरची वेळ! बऱ्याच फोटोंवर ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. ०६३० लिहिलंय म्हणजे आपले दुपारचे १२. तारीख पण तपासा, ग्रुपवर "आत्ताचा" म्हणून आलेला फोटो कधीकधी कालचा निघतो.