चार मिनिटांचा ‘ताबाता’ आणि गाळलेलं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

वीस सेकंद जोर, दहा सेकंद विश्रांती, अशा आठ फेऱ्या. जिममधला हा ‘ताबाता’ तुमच्या परिचयाचा असेल. व्यायामावरच्या लेखांत तो सर्रास उचलला जातो, कधी तर लेखकाची स्वतःची ‘खास पद्धत’ म्हणून. कल्पना मुळात जपानच्या स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक इरिसावा कोइची यांची. संशोधक इझुमी ताबाता यांनी ती प्रयोगशाळेत तपासली, १९९६ मध्ये निष्कर्ष छापले आणि मूळ पद्धत इरिसावांची, हे स्वतःच सांगितलं. ज्याचं नाव जगभर झालं त्याने श्रेय दिलं. उचलणाऱ्यांनी दोघांचीही नावं गाळली.

नाव गळतं तेव्हा तपशीलही गळतो, आणि खरं नुकसान तिथे होतं. प्रयोग सायकल अर्गोमीटरवर, म्हणजे भार मोजता येणाऱ्या जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर झाला, शारीरिक शिक्षणाच्या तरुण विद्यार्थ्यांवर. कमाल ऑक्सिजन-क्षमतेला, म्हणजे शरीर जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरतं तेव्हा, जेवढा भार लागतो, त्याच्या सुमारे १७० टक्के भार. पॅडलचे फेरे मिनिटाला ९०. ८५ च्या खाली आले की थांबायचं. सातव्या-आठव्या फेरीला माणूस पुरता दमला पाहिजे. नऊहून जास्त फेऱ्या जमल्या, तर भार ११ वॅटने वाढवायचा. हे आठवड्यातून चार दिवस. पाचव्या दिवशी ७० टक्के भारावर अर्धा तास आणि मग फक्त चार फेऱ्या. सहा आठवड्यांत अॅनारोबिक क्षमता, म्हणजे ऑक्सिजनविना ऊर्जा मिळवण्याची ताकद, २८ टक्क्यांनी वाढली, ती अशी.

नकलेत सायकल जाते आणि पोटाचे व्यायाम येतात. तेवढ्याशा स्नायूंवर १७० टक्के गाठणं अशक्य. पोट जळजळतं, क्षमता तेवढी वाढत नाही. तरी ‘२८ टक्के’ हा आकडा लेखात तसाच राहतो! वर ‘चरबी झपाट्याने घटते’ अशी जोड. त्या प्रयोगात चरबी मोजलीच नव्हती.

लिहिणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे. कल्पना कुणाची, तपासली कुणी, कधी, कुणावर, कोणत्या साधनावर, एवढं लिहायला दोन ओळी पुरतात. तिसऱ्या ओळीत आपण केलेला बदल सांगा: ‘सायकलऐवजी आम्ही बर्पी (खाली वाकून, पाय मागे टाकून, पुन्हा उडी मारून उठायचा व्यायाम) घेतल्या आहेत, मूळ आकडे याला लागू नाहीत.’ तालमीतल्या वस्तादांकडून किंवा मैदानावरच्या प्रशिक्षकांकडून काही घेतलं असेल, तर ते कुठे छापलेलं नसतं. त्यांना आधी विचारा, आणि नाव लेखाच्या शेवटी नको, जिथे तो व्यायाम सांगताय तिथेच घ्या.