सायकल थांबते तिथे

मंडळी, जून २०२० आठवतोय ना? कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये सव्वादोन महिने घरात काढल्यावर ३ जूनपासून सकाळी पाच ते संध्याकाळी सात बाहेर व्यायाम करायला परवानगी मिळाली, आणि नेमकं त्याच दिवशी निसर्ग वादळ आलं, पुण्यात झाडं पडली, त्यामुळे आम्ही खरे सायकली घेऊन रस्त्यावर आलो दोन दिवसांनी. सरकारी आदेशात सायकलिंगला मुद्दाम प्रोत्साहन होतं, का तर सायकलवर अंतर आपोआप पाळलं जातं.

ह्या "आपोआप"बद्दलच मला बोलायचंय.

चालत्या सायकलवर मोकळ्या हवेत लागण व्हायची शक्यता बंद खोलीपेक्षा खूपच कमी, हे खरंय. पण आपण पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवतो, वारा कमी लागतो म्हणून, आणि पुढचा धापा टाकतोय, थुंकतोय, नाक शिंकरतोय ते सगळं मागच्याच्या तोंडावर. साथीत ही सवय सोडायलाच हवी. थुंकणं तर कायमचंच.

पण खरा धोका सायकल थांबते तिथे. पुण्याबाहेर खडकवासल्याला पोचलं की वीस जण एका टपरीभोवती, मास्क हनुवटीवर, एकमेकांच्या मोबाईलमध्ये डोकं घालून फोटो बघतायत. आपण शहरातून आलेलो, चहा देणाऱ्या मावशी जवळच्या डोणजे गावच्या, घरी म्हातारी सासू, आणि मोठं हॉस्पिटल गाठायचं तर आपल्या शहरातच यावं लागणार. आपल्याला काही झालं नाही म्हणजे आपण काही दिलं नाही असं होत नाही ना. आम्ही मग पाणी-चिक्की घरूनच न्यायला लागलो, मावशींचा धंदा बुडू नये म्हणून पार्सल घ्यायचं, लांब बसून प्यायचं.

मास्कचा गोंधळ तेव्हा खूप झाला. जोरात व्यायाम करताना मास्क नको, घामाने ओला होतो, श्वास अडतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे एकटे चालवताना खिशात, थांबलात की तोंडावर, इतकं साधं आहे.

आता पडण्याबद्दल. सप्टेंबर २०२० मध्ये पुण्यात ऑक्सिजनचा बेड मिळवायला लोक रात्रभर फोन करत होते, आणि त्याच महिन्यात आमच्यातला एक जण बोपदेव घाट उतरताना खडीवर घसरला, कॉलरबोन गेलं. दोन ठिकाणी घेतलं नाही, तिसरीकडे आधी कोविड टेस्ट, मग एक्स-रे, आणि जो डॉक्टर त्याला बघत होता तो सलग किती तास उभा होता ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. मला फार लाज वाटली त्या दिवशी. तेव्हापासून साथ असेल तर घाटात वेग नाही, नवा रस्ता नाही, हेल्मेट हवंच, आणि पंप, स्पेअर ट्यूब, पॅच स्वतःजवळ, म्हणजे पंक्चर झालं तर कोणाला गाडी घेऊन बोलवावं लागत नाही.

आणि आजारी पडलातच तर घाई करू नका. ताप असताना सायकल अजिबात नाही, हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. लक्षणं पूर्ण जाऊन निदान आठवडा होऊ दे, छातीत दुखत असेल, धडधडत असेल तर आधी डॉक्टर, मग सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं. मी बरा झाल्यावर पहिल्या दिवशी म्हात्रे पुलापर्यंत जाऊन परत आलो, जेमतेम चार किलोमीटर, आणि दुपारभर झोपलो. सिंहगडाच्या पायथ्याला परत जायला मला सात आठवडे लागले.